दोघांसाठी हलका तंबू निवडताना: खानदेशातली माती, दव आणि वारा

तंबूच्या पिशवीवर 'दोन माणसांसाठी' असं छापलेलं असतं. दोन सडपातळ माणसं रात्रभर कूस न बदलता झोपली तर मावतील, एवढाच त्याचा अर्थ. वजनाच्या आकड्याचंही तसंच. म्हणून आकड्यांकडे वळण्याआधी आपण झोपणार कुठे, हे ठरवा. तोरणमाळचं पठार, सातपुड्यातल्या पाल गावचा परिसर, पाटणादेवीकडचे डोंगर किंवा एखाद्याच्या मळ्यात भरीत खाऊन तिथेच काढलेली रात्र, अशा जागांसाठी हिमालयातला तंबू लागत नाही. इथे तंबूने तीन कामं नीट करायला हवीत: वारा खेळू देणं, दव आतल्या अंगाला न लागू देणं आणि आपल्या मातीत घट्ट उभं राहणं. ग्रॅमचा हिशेब त्यानंतर.

आधी ऋतू आणि वाहन ठरवा

आपल्याकडे मुक्कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीत तिथली रात्र चांगलीच बोचते. खाली तापीकाठी थंडी जरा कमी, पण दव भरपूर. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि जमीन रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. तेव्हा जाळीचा तंबूच सुसह्य होतो, आणि तोही फक्त रात्री. दिवसा उन्हात तंबूची भट्टी होते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटासारखी दिवसदिवस झड नसली, तरी वादळी सर आली की वाऱ्यासकट येते.

गाडी थेट मुक्कामाच्या जागी जाणार असेल, तर हलकेपणासाठी पैसे मोजू नका. तीन किलोचा साधा डोम तंबू पुरतो. सॅक पाठीवर घेऊन चालायचं असेल तरच हलक्या तंबूचा खर्च वसूल होतो. मोटारसायकलवर मात्र वजनाइतकीच घडीची लांबी महत्त्वाची. पोल दुमडून ४५ सेंटीमीटरच्या आत बसत असतील तर पिशवी सॅकमध्ये आडवी जाते. ६० सेंटीमीटरची असेल तर ती कॅरिअरवर बांधावी लागते, आणि घाटात तीच आधी घसरते.

यावल, अनेर डॅम, गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. तिथे वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय तंबू ठोकायचा नाही.

घरातल्या फरशीवर माप घ्या

दुकानात जाण्याआधी दोघांच्या मॅट शेजारीशेजारी अंथरा. नेहमीची मॅट ५१ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे दोन मिळून १०२. रुंद मॅट सुमारे ६३ ची, दोन मिळून १२६. आता फरशीवर खडूने तंबूच्या तळाचा चौकोन आखा. १२० सेंटीमीटर रुंदी म्हणजे दाटीवाटी, १३० म्हणजे ठीक. बऱ्याच हलक्या तंबूंचा तळ पायाकडे निमुळता होत १०५-११० वर येतो. रुंद मॅट घेणाऱ्यांनी पायाकडचा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लांबीसाठी तुमच्या उंचीत किमान ३० सेंटीमीटर मिळवा. तंबूच्या भिंती तिरक्या असतात. पाय लांब केले की स्लीपिंग बॅगचं टोक कापडाला टेकतं आणि सकाळी तेवढाच भाग ओला होतो. १७५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला २१० ते २१५ ची लांबी सोयीची. उंची तपासण्यासाठी आत मांडी घालून बसा. १०० सेंटीमीटरच्या आसपास उंची असेल तर डोकं छताला लागत नाही. दोघांना एकाच वेळी ताठ बसता येतं का, तेही बघा. काही तंबूंची उंची मधल्या एकाच बिंदूला असते.

कोणतं वजन, ते विचारा

जाहिरातीतलं 'किमान वजन' बहुतेक वेळा आतला तंबू, बाहेरचा फ्लाय (पाणी अडवणारं वरचं आच्छादन) आणि पोल एवढ्याचंच असतं. मेखा, ताणदोऱ्या आणि पिशव्या धरल्या की २०० ते ३०० ग्रॅम सहज वाढतात. तेव्हा पूर्ण बांधलेल्या पिशवीचं वजन विचारा आणि जमलं तर काट्यावर ठेवून बघा. ढोबळ हिशेब असा: स्वस्त डोम अडीच ते साडेतीन किलो, चांगला हलका तंबू दीड ते सव्वादोन किलो, आणि त्याखाली गेलात की पैसे जास्त, कापड पातळ. दीड-दोन किलोचा तंबू दोघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला एक किलोपेक्षा जास्त येत नाही. एकाने फ्लाय आणि मेखा घ्याव्या, दुसऱ्याने आतला तंबू आणि पोल.

जाळीचा आतला तंबू, पूर्ण फ्लाय

एकपदरी तंबू हलका असतो, पण दोन माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्या थंड कापडावर जमते आणि पहाटे थेंब अंगावर पडतात. आपल्याकडे दुपदरीच घ्या. आतला तंबू बारीक जाळीचा आणि वर जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटरवर थांबणारा फ्लाय, अशी रचना हवी. दोन्ही पदरांत किमान तळहाताएवढं अंतर राहायला हवं. ते नसेल तर वाऱ्याने फ्लाय आत दबतो आणि वाफेचं पाणी जाळीतून खाली येतं. फ्लायच्या माथ्याशी झडप आहे का, तेही बघा. थंडीत सगळं घट्ट बंद करून झोपणाऱ्यांचाच तंबू सकाळी आतून सर्वांत ओला असतो.

जाळीमुळे थंडी वाजेल ही तक्रार नेहमीची. तंबू म्हणजे गोधडी नव्हे. थंडीची तजवीज मॅट आणि स्लीपिंग बॅगने करायची. जाळीचा खरा तोटा धुळीचा आहे. मार्चपासून वावटळी सुरू झाल्या की बारीक माती जाळीतून आत येते. त्या दिवसांत जायचं असेल, तर भिंतींचा खालचा अर्धा भाग साध्या कापडाचा असलेला तंबू बरा.

पोल आणि कापड

पोल ॲल्युमिनियमचेच घ्या, ८.५ ते ९ मिलिमीटर जाडीचे. फायबरग्लास जड असतं, तुटताना उभं चिरतं आणि त्याचं कूस हातात घुसतं. सोबत १०-१२ सेंटीमीटरची दुरुस्तीची नळी आहे का, ते पाहा. पोल वाकला किंवा तडकला तर ही नळी तिथे सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची. पोलची घडी घालताना सुरुवात मधून करा. टोकाकडून दुमडत गेलं की आतला रबर एकीकडेच ताणला जातो आणि लवकर सैल पडतो.

कापडावर दोन आकडे असतात. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. फ्लायसाठी २० ते ३० डेनिअर पुरतं. तळ मात्र थोडा जाड हवा, कारण आपल्याकडे बाभूळ आणि बोरीचे काटे पडलेले नाहीत अशी जागा सापडणं कठीण. दुसरा आकडा मिलिमीटरमधला: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की ते झिरपू लागतं, त्याचा. फ्लायला १५०० मिमी भरपूर झाले. तळाला ३००० मिमी असावेत, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की दाब एकाच जागी येतो. ५००० मिमीच्या जाहिरातीला भुलू नका, पाणी बहुधा कापडातून नाही, शिवणीतून येतं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर कमी सैल पडतं आणि ऊनही जास्त सोसतं, म्हणून आपल्याकडे तेच सोयीचं.

दारं दोन असावीत. एकच असलं की रात्री बाहेर जाणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडावं लागतं. प्रत्येक दारापुढे फ्लायची छोटी ओसरी असेल तर सॅक आणि बूट तिथे राहतात. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचवाला उबदार जागा आवडते.

खरी परीक्षा मेखांची

हलक्या तंबूंचा एक प्रकार पोलऐवजी चालायच्या काठ्यांवर उभा राहतो. एका किलोच्या आसपास बसतो, मोह होतो. पण तो सर्वस्वी मेखांच्या भरवशावर उभा असतो, आणि खानदेशात मेखांचीच पंचाईत होते. काळी माती ओली असली की मेख लोण्यात गेल्यासारखी आत जाते आणि तितक्याच सहज बाहेर येते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, मेख भेगेत गेली की तिला पकडच राहत नाही. सातपुड्याच्या माथ्यावर वीतभर मुरमाखाली काळा खडक, तिथे मेख वाकते. म्हणून पहिला तंबू स्वतःच्या पोलवर उभा राहणारा घ्या. काही तंबू अर्धवटच स्वतः उभे राहतात, पायाकडचे दोन कोपरे मेखांनीच ताणावे लागतात. विकत घेताना एकही मेख न ठोकता तंबू उभा करून दाखवायला सांगा.

तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या मेखा बदला. चिखलट काळ्या जमिनीसाठी वाय आकाराच्या, २० सेंटीमीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या आठ मेखा घ्या. मुरमासाठी जाड पोलादी खिळ्यासारख्या चार वेगळ्या ठेवा. मेख तंबूच्या उलट बाजूला थोडी कललेली ठोका, म्हणजे दोरीचा ताण तिला वर ओढत नाही. खडकावर दोरी कलिंगडाएवढ्या दगडाला गुंडाळा. धारदार कडेवर दोरी घासत असेल तर मध्ये कापडाचा तुकडा द्या. स्वतः उभा राहणारा तंबूही रिकामा सोडून जाऊ नका, वारा तो पतंगासारखा उचलतो.

पहिल्या रात्रीआधी गच्चीवर

१. तंबू उभा करा, चारी कोपऱ्यांना पाण्याने भरलेले कॅन बांधा आणि फ्लाय ताणा.
२. पाइपने दहा मिनिटं वरून पाणी सोडा, मग आत जाऊन शिवणींवर बोट फिरवा. ओल लागली तिथे खडूने खूण करा.
३. वाळल्यावर तिथे सीलर (शिवण बुजवणारा लेप) लावा. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचाच, पीयू (पॉलियुरेथेन) लेपाला पीयूचाच. उलटं केलं की सीलर पापुद्र्यासारखा सुटतो.
४. सगळ्या चेन वीस वेळा उघडझाप करा. अडकत असतील तर तंबू तेव्हाच बदलून घ्या. पुढे अडकल्या तर बहुधा धुळीने, जुना टूथब्रश पुरतो.
५. खाली अंथरायला जाड पॉलिथिन किंवा ताडपत्री तळापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर आत कापा. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी गोळा करून तंबूखाली नेते.

जागा निवडताना नाल्याचं पात्र टाळा, सातपुड्यात वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी येतं. खोलगट जागाही नको, थंड हवा आणि दव तिथेच साठतं. मळ्यात पऱ्हाट्यांवर वांगी भाजणार असाल तर तंबू आगट्यापासून दहा-बारा पावलं दूर, वारा येतो त्या अंगाला ठोका. एक ठिणगी फ्लायला पुरे, कापड पेटलं नाही तरी वितळून भोक पडतं.

परतल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवा. ओलाच बांधून ठेवला की पीयूचा लेप हळूहळू चिकट होतो, आंबूस वास येतो आणि मग तो दुरुस्त होत नाही. छोट्या पिशवीत दाबून ठेवण्यापेक्षा जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरा आणि उंदरांच्या वाटेपासून दूर, उंचावर टांगा.