टेबलावरचा विमानतळ: १:४०० मापाच्या विमानांसाठी देखावा कसा करावा

पुण्यातल्या घरांना देखावा नवा नाही. गणपतीत आरास, दिवाळीत अंगणातला किल्ला. पुठ्ठा, भुसा आणि जागरणं दोन्हीकडे ठरलेली. छोट्या विमानांचा विमानतळ करायलाही हेच कसब लागतं. फरक एवढाच, की किल्ल्यावरचा मावळा बुरुजाएवढा असला तरी कुणी काही म्हणत नाही. इथे मात्र माप चुकलं की महागडं मॉडेलही खेळणं दिसतं.

म्हणून सुरुवात मापापासून. बाजारात १:५००, १:४०० आणि १:२०० मापाची धातूची विमानं मिळतात. घरातल्या देखाव्याला १:४०० सगळ्यात सोयीचं. एअरबस ए३२० खरी ३७.५७ मीटर लांब, म्हणजे आपल्या टेबलावर ९.४ सेंटिमीटर. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची. ४०० ने भागलं तरी सव्वासहा मीटर, कुठल्याही हॉलमध्ये न मावणारी! अनेक जण इथेच फसतात. दोन फुटांत धावपट्टी, टर्मिनल, टॉवर सगळं कोंबतात. माझं स्पष्ट मत आहे: विमानतळ करू नका, विमानतळाचा एक कोपरा करा. ॲप्रन, म्हणजे विमानं उभी राहतात तो भाग, आणि त्याच्या पुढून जाणारा टॅक्सीवेचा, म्हणजे ॲप्रन आणि धावपट्टी जोडणाऱ्या रस्त्याचा, तुकडा. बस्स.

६० × ४५ सेंटिमीटरचा पाया घ्या. ए३२० किंवा ७३७ सारख्या विमानांच्या पंखांचा विस्तार ३६ मीटरपेक्षा कमी असतो आणि उभ्या असलेल्या दोन विमानांत आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे किमान साडेचार मीटर अंतर लागतं. १:४०० मध्ये एका जागेला दहा सेंटिमीटर धरा. तीन विमानं ३२ सेंटिमीटरमध्ये बसतात. उरलेली जागा मोकळी ठेवायला मन धजत नाही, पण ठेवा. खऱ्या विमानतळावर मोकळं काँक्रीटच जास्त असतं. आधी ड्रॉइंग शीटवर हे सगळं टेबलावर येणार त्याच मापात काढा, विमानं त्यावर ठेवून बघा आणि मगच कटर हातात घ्या. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथल्या ॲप्रनचे आणि धावपट्टीचे फोटो काढायला बंदी असते. नमुना म्हणून इतर नागरी विमानतळांची प्रसिद्ध झालेली छायाचित्रं समोर ठेवा.

पायाला १२ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे कटरने कापता येणारा हलका प्लास्टिक फोमचा बोर्ड. माझा पहिला पाया एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा होता. खिडकीशी ठेवला आणि एका पावसाळ्यात त्याचा कोपरा फुगून वर आला, टर्मिनलची भिंत सांध्यात उकलली. चार महिन्यांचं काम गेलं, फार वाईट वाटलं. प्लायच्या कडांनाही दोन हात रंग द्याच. थर्माकोल तर नकोच. स्प्रे रंगातल्या द्रावकाने तो विरघळतो. कागद, रंग, सनबोर्ड अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात एका फेरीत मिळून जातं.

आता जमीन. सगळा वेळ इथे द्या, कारण बघणाऱ्याची नजर विमानावर असली तरी विमान खरं वाटतं ते त्याच्याखालच्या जमिनीमुळे. पांढऱ्यात थोडा काळा आणि अगदी चिमूटभर यलो ऑकर मिसळून अॅक्रेलिकचा राखाडी रंग करा. ब्रशने ओढू नका, रेघा उमटतात. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा ओलसर करून थापत जा. वाळलं की वरून मूळ रंगात जरा पांढरा घालून पुन्हा, ठिकठिकाणी. मग टोक काढलेल्या एचबी पेन्सिलीने साडेबारा मिलिमीटरचे चौकोन आखा. ही पाच मीटरच्या स्लॅबची सांधरेघ. चार-पाच चौकोन मुद्दाम फिके किंवा गडद रंगवा. खऱ्या ॲप्रनवर तडा गेलेले स्लॅब काढून नवे टाकतात, त्यांचा रंग जुन्यांशी कधीच जुळत नाही.

टॅक्सीवेसाठी बारीक वॉटर पेपर, म्हणजे घासकामाचा काळा पॉलिश पेपर चांगला, पण तो फार काळा असतो. उन्हात तापलेलं डांबर राखाडी दिसतं, शिवाय वस्तू लहान झाली की रंग फिका करावा लागतो. वरून पातळ राखाडीचा एक हात द्या.

विमानतळाच्या जमिनीवर धावपट्टीच्या खुणा पांढऱ्या असतात, टॅक्सीवेच्या पिवळ्या. पिवळी मधली रेघ निदान १५ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे आपल्याकडे जेमतेम ०.४ मिलिमीटर. ०.५ टोकाचं पिवळं पेन यासाठी अगदी योग्य. टॅक्सीवेवरून जागेत वळणारी रेघ वाटीच्या कडेने काढा, हाताने नको.

शेवटी डाग. इअरबडचं टोक काळ्या-तपकिरी रंगात बुडवायचं, वर्तमानपत्रावर जवळजवळ सगळा रंग पुसायचा आणि मागची चाकं जिथे थांबतात तिथे दोनदा फिरवायचं. इंजिनाखाली एखादा तेलाचा ठिपका. पुढच्या चाकाच्या पिवळ्या रेघेवर टायरची पुसट काळपट छाया. डाग दिसले पाहिजेत, उठून दिसता कामा नयेत. सगळं झालं की मॅट व्हार्निश मारा. चकाकी आली तर मेहनत वाया.

टर्मिनलचा फक्त दर्शनी भाग पुरतो. सनबोर्डची भिंत, काचेला ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद. एअरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात जायचा बंदिस्त पूल, करताना एकच लक्षात ठेवा: ए३२० च्या दाराचा उंबरठा जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटरवर असतो, म्हणजे ब्रिजचं तोंड ८ ते ९ मिलिमीटरवर यायला हवं. माणूस जेमतेम ४ मिलिमीटरचा.

गवतासाठी किल्ल्यावर पेरतो तसे अळीव इथे चालणार नाहीत, चार सेंटिमीटरचं रोप १६ मीटरचं झाड दिसेल. सुताराकडचा भुसा मैद्याच्या चाळणीतून चाळा, रंगवा आणि फेव्हिकॉलवर भुरभुरवा. रंग ऋतूप्रमाणे ठरवा. आपल्याकडे श्रावणात हिरवं, एप्रिलमध्ये पिवळट तपकिरी. मला तपकिरीच आवडतं, त्यावर पांढरी विमानं खुलतात.

दिवे हवे असतील तर टॅक्सीवेच्या कडेला निळे. पण ३ मिलिमीटरचा एलईडी इथे सव्वा मीटरचा गोळा होतो. तो पायाखाली लपवून अर्ध्या मिलिमीटरची ऑप्टिकल फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणारी पारदर्शक तार, वर काढा. एलईडी आणि वायरी बुधवार पेठेत मिळतात.

आता विमानं ठेवा. चिमट्याने नको, पोटाखाली बोट देऊन. पुढचं चाक पिवळ्या रेघेवर बरोबर मधोमध आलं की नाही, हे वरून नव्हे, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघा.