फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून घ्या

कम्प्युटर स्लो झाला की आपल्याकडे सल्ला ठरलेला, "फॉरमॅट मार ना भाऊ". मारा, पण मे महिन्यात नागपुरात लॅपटॉप रखडत असेल तर आधी फॅनमधली धूळ काढून पहा, प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, मग कितीही नवं विंडोज टाका, दुपारी दोन वाजता परत तेच. हार्ड डिस्क कटकट वाजत असेल तर डिस्कच बदला, नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान नवी डिस्क, बसवून मिळते आणि जुन्या मशीनला खरा फरक त्यानंच पडतो.

आता बॅकअप, खरं काम हेच. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स सगळं बहुतेक सी ड्राइव्हमध्येच असतं. टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅली उघडूनच पहा, अंदाजानं कॉपी नका करू. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने अर्ज असतील तर फॉन्टची फाइलही घ्या, नाहीतर नंतर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा, असेल तर डी ड्राइव्हची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा लांब नंबर) कागदावर लिहून ठेवा, कारण नव्या विंडोजमध्ये डी ड्राइव्ह उघडताना तीच मागतो अन् की नसली तर डेटा गेला समजा.

नुसता कचरा काढायचा असेल तर विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथं रिसेट धिस पीसी, कीप माय फाइल्स. फाइल्स राहतात, टाकलेले सॉफ्टवेअर उडतात.

पूर्ण कोरं पाह्यजे तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (पेनड्राइव्हवर विंडोज भरणारं सॉफ्टवेअर) घ्या, पेनड्राइव्ह कमीत कमी 8 जीबीचा, आणि तो पूर्ण पुसला जातो. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे मशीनमध्ये टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसरही 11 ला चालणारा असेल तर सरळ 11 टाका. चार्जर लावूनच बसा, लाइटचा भरवसा नाही. डेल, लेनोवोला सहसा एफ12, एचपीला एफ9 मशीन चालू होतानाच दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा. विंडोजची प्रॉडक्ट की मागितली तर नाही म्हणा, आधीचं विंडोज ओरिजिनल असेल आणि तेच होम किंवा प्रो निवडलं तर नेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. क्रॅकच्या (चोरून ॲक्टिव्हेट करायच्या जुगाडाच्या) नादी लागू नका, व्हायरस तिथूनच येतात बे.

ड्राइव्हची यादी आली की घाई नको, साइज वाचा, जुन्या विंडोजवालेच पार्टिशन (डिस्कचे भाग) डिलीट करा, डी ला हात लावू नका. यादीच रिकामी दिसली तर घाबरू नका, इंटेलच्या 11व्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपला तिथं स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) द्यावा लागतो, तो आणि वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.