कथेचं आशयसूत्र आणि शैली कशी ओळखावी

धडा दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

आशयसूत्र एका शब्दात लिहू नका. ‘कापूस’ किंवा ‘शेतकरी’ हा विषय झाला. त्या विषयाबद्दल कथा काय म्हणते ते पूर्ण वाक्यात मांडा: ‘कर्जापेक्षा ते लपवण्याचं ओझं माणसाला जास्त वाकवतं.’ मग पुरावा म्हणून कथेतल्या किमान दोन जागा दाखवा. सापडल्या नाहीत, तर वाक्य बदला. नुसतं कथानक सांगून थांबलं की गुण जातात ते इथंच.

शैलीसाठी एकच परिच्छेद घ्या. वाक्यं लांब की तुटक? निवेदक ‘मी’ की बाहेरचा? कोण कोणत्या बोलीत बोलतं? समजा, निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि आजी नातवाला म्हणते, ‘काहून गा, जेवला नाही काय?’ तिथं ‘वऱ्हाडी बोली वापरली’ एवढ्यानं भागत नाही. त्या बोलीनं काय साधलं ते लिहा: ‘काहून गा’मध्ये काळजीही आहे आणि हक्कही, ‘का बरं’ म्हटलं की हक्क जातो. बोलीला अशुद्ध तर मुळीच म्हणू नका.

सरावाला म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’तली एखादी छोटी लीळा, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आयुष्यातला एखादा प्रसंग, घ्या. १३व्या शतकातलं हे गद्य, विदर्भातल्या रिद्धपूरच्या मातीशी जोडलेलं. त्यातली क्रियापदं अधोरेखित करा; गती कुठून येते ते दिसेल.