संचकार देण्याआधी आपला क्रेडिट रिपोर्ट वाचा

चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून बेळगावात येऊन दोन-तीन वर्षं झाली, उद्यमबागेत किंवा मच्छेला नोकरी पक्की झाली, की घराचा विचार सुरू होतो. भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट अडकलेलं असतं, पोरांची शाळा लागलेली असते. मग कुणीतरी सांगतं, अनगोळला प्लॉट आहे, संचकार देऊन टाका, बाकीचं लोन काढू. आपण गावाकडे ज्याला इसार म्हणतो तोच इथे संचकार. मी २००७ साली चंदगड तालुक्यातून इथे आलो. नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं, की संचकार द्यायच्या सहा महिने आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरची कर्जं आणि त्यांचे हप्ते कसे भरले याची नोंद, काढा आणि ओळ न् ओळ वाचा.

मी तो वाचला नव्हता. २०१६ मध्ये वडगावात एक जुनं घर ठरवलं, दोन लाख संचकार दिला, तीन महिन्यांची मुदत घेतली. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ घेऊन बँकेत गेलो. माझ्या नावावर आजवर एकच कर्ज होतं, मोटरसायकलचं, तेही वेळेत फेडलेलं. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. महिन्यामहिन्याचे छोटे चौकोन होते. गाडीच्या ओळीत सगळीकडे ०००. त्याखालच्या ओळीत मात्र ०३०, ०६०, ०९०. हप्ता किती दिवस थकला त्याचे ते आकडे. ते कर्ज चुलतभावाच्या ट्रॅक्टरचं होतं आणि जामीनदार मी. गणपतीला गावी गेलो असताना जेवणं झाल्यावर सोप्यात बसून केलेली ती सही.

"हे माझं कर्ज नाही हो साहेब."

"सही तुमचीच हाय न्हवं?"

प्रकरण तिथेच थांबलं. मुदत संपली, घरमालकाने पन्नास हजार कापून बाकीचे परत केले. भावावर रागावून उपयोग नव्हता, उसाचं बिल अडकल्याने त्याचेही हाल होते. पण जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसतं आणि थकलं तर त्याचा स्कोअर पाडतं, हे मला सही करताना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगत असतो.

आता स्कोअरचं, म्हणजे या नोंदींवरून आपल्याला मिळणाऱ्या आकड्याचं. आपण सरसकट सिबिल म्हणतो, पण रिपोर्ट आणि स्कोअर देणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. रिझर्व्ह बँकेने गृहकर्जासाठी किमान आकडा ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँक आपापला ठरवते, पण ७५० च्या वर असला की बोलणी सोपी जातात. सगळ्यात जास्त वजन हप्ते वेळेवर भरण्याला. त्यानंतर क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरता (तीस टक्क्यांच्या आत ठेवलेली बरी), कर्जाचा इतिहास किती जुना आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केलेत. पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही.

आपली बरीच माणसं इथे चुकतात. रोज दुकानावर येणाऱ्या पिग्मीवाल्याकडे दहा वर्षं न चुकता पैसे दिलेत, भिशी कधी बुडवली नाही, मग माझा स्कोअर का नाही, असं विचारतात. पिग्मी ही बचत आहे, भिशी आपसातला व्यवहार. स्कोअर फक्त कर्ज फेडण्यावरून बनतो. शून्य व्याजाच्या हप्त्यावर घेतलेला मोबाइल, बँकेतलं सोनेतारण, बायकोने मायक्रोफायनान्सच्या गटातून घेतलेले पैसे, ही सगळी कर्जंच, त्यांची नोंद होते. ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही त्याने ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्यावं, किराणा त्यावर भरावा आणि दर महिन्याला पूर्ण बिल चुकतं करावं.

२०१७ पासून चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. त्यांच्या वेबसाइटवरूनच काढा, मोबाइलवर येणाऱ्या कुठल्याही लिंकवरून नको. रिपोर्ट हातात आला की आधी नाव बघा. महाराष्ट्रात काढलेल्या पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं. इथे केलेल्या कागदावर नुसतं आद्याक्षर येतं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. त्यातून दुसऱ्याचं कर्ज आपल्या माथी आलेलं मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय. चुकीची नोंद दिसली तर त्या कंपनीकडे फुकट तक्रार करता येते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला आपल्याला शंभर रुपये भरपाई मिळते. पैसे फेडूनही कर्ज चालू दिसत असेल तर बँकेकडून नो ड्यूजचा दाखला घ्या. आणि थोडक्यात मिटवतो, निम्मे भरा, असं कुणी म्हणालं तर विचार करून हो म्हणा. त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि गृहकर्ज देणारा तो आधी बघतो. पैसे घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

स्कोअर चांगला असला तर व्याजदरही कमी लागू शकतो. समजा तीस लाख, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५ रुपये, नऊ टक्क्यांनी २६,९९२. एवढ्याशा फरकात वीस वर्षांत सव्वादोन लाखांच्या वर जातात. हप्त्याची तारीखही पगारानंतरची मागून घ्या. पगार दहाला आणि हप्ता पाचला असेल तर पैसे असूनही खातं थकलेलं दिसतं.

स्कोअर चांगला असूनही जागेच्या कागदावरून कर्ज अडतं, तेवढं ध्यानात असू द्या. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत ई-स्वत्तूचा (कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) ९ आणि ११ नंबरचा उतारा मागा. ११-बी, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या जागेचा उतारा, असेल तर बऱ्याच बँका हात आखडता घेतात. कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येणाऱ्या ओळखीच्या माणसाला शेजारी बसवून पूर्ण वाचून घ्या, विकणाऱ्याच्या माणसाकडून नको.

गावाकडून जामीन राहा म्हणून फोन येणारच. आपण बेळगावात पगारदार, त्यामुळे सगळ्यांच्या नजरेत आपणच. गेल्या दिवाळीत पुतण्याचा आला, म्हशींसाठी कर्ज होतं. मी म्हटलं, "बाळा, सही नको. माझ्याकडं वीस हजार हाईत, ते घे, जमंल तसं दे." त्याला आधी वाईट वाटलं. मग मी त्याला माझा जुना रिपोर्ट पाठवला आणि ते ०९० चे चौकोन फोनवरून एकेक करून समजावले. मार्चपर्यंत त्याने बारा हजार परत केलेत.