ऊसपट्ट्यात रोटाव्हायरसचे कोणते प्रकार फिरत आहेत, हे कसे शोधावे

सांगली किंवा सातारा जिल्ह्यातील एखाद्या तालुक्यात मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचे जनुकीय वैविध्य तपासायचे असेल, तर प्रयोगशाळेचा विचार करण्याआधी नमुने कोठून घ्यायचे हे ठरवावे. केवळ मिरज वा कराडच्या रुग्णालयांत दाखल झालेली मुले निवडली, तर तीव्र आजाराचेच चित्र हाती येते. या आजाराचा जोर थंडीत असतो आणि नेमक्या त्याच काळात बीड व इतर जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. त्यांची मुले आणि बैल एकाच आवारात वावरतात. म्हणून आशा कार्यकर्तीच्या मदतीने गाव आणि कोप्या, दोन्ही ठिकाणचे नमुने घ्यावेत. जनावरांतील विषाणूशी जनुकांची अदलाबदल होऊ शकते, त्यामुळे घराजवळ जनावरे आहेत का, याचीही नोंद ठेवावी.

नैतिकता समितीची मान्यता आणि पालकांची लेखी संमती घेतल्यावर, २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब झालेली पाच वर्षांखालील मुले निवडावीत. लसीकरण कार्डावरून रोटाव्हायरस लसीच्या मात्रांच्या तारखा उतरवून घ्याव्यात, कारण लस नुकतीच दिली असल्यास शौचात लसीतलाच विषाणू सापडू शकतो. ‘रोटाव्हॅक’ या लसीतील विषाणू जी९पी[११] प्रकारचा आहे (रोटाव्हायरसच्या प्रकाराचे नाव जी आणि पी या दोन भागांचे असते), हे लक्षात असले म्हणजे घोटाळा टळतो. नमुना लंगोटातून पिळून न घेता स्वच्छ डबीत घ्यावा आणि बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोहोचवावा. तो बराच काळ ठेवायचा झाल्यास उणे ७० अंशांवर गोठवावा.

एलायझा या विषाणूची प्रथिने ओळखणाऱ्या चाचणीने रोटाव्हायरस आहे का, एवढेच कळते. प्रकार ठरवण्यासाठी आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, वेगळा करावा. या विषाणूचा जनुकसंच दुहेरी धाग्याच्या ११ खंडांचा असल्याने, प्रत तयार करण्यापूर्वी धागे उष्णतेने सुटे करणे अगत्याचे असते. ही पायरी चुकली की चांगला नमुनाही कोरा निघतो. त्यानंतर आरटी-पीसीआरने, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत करून ती अनेक पटींनी वाढवणाऱ्या पद्धतीने, विषाणूच्या बाह्य कवचातील प्रथिनांच्या दोन जनुकांपैकी व्हीपी७वरून जी प्रकार आणि व्हीपी४वरून पी प्रकार ओळखतात. जी१पी[८], जी२पी[४], जी३पी[८], जी९पी[८] आणि जी१२पी[६] ही नावे भारतातील नोंदींत वारंवार आढळतात.

काही नमुन्यांचा प्रकार या पद्धतीने लागत नाही. ते फेकून देण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण प्रायमर (प्रत करण्याची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) जेथे चिकटतो तेथे बदल झालेला असू शकतो, म्हणजे ज्याच्या शोधात आपण आहोत तोच वेगळा विषाणू तेथे असू शकतो. अशा नमुन्यांच्या व्हीपी७ जनुकातील घटकांचा क्रम काढून (सीक्वेन्सिंग) ज्ञात क्रमांशी ताडून पाहावी. साम्य ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर तो वेगळा जी प्रकार मानला जातो. प्राण्यांकडून जनुक आल्याचा संशय असल्यास सर्व ११ खंड तपासावेत, केवळ दोन जनुकांवर निष्कर्ष काढू नये.

एकाच नमुन्यात दोन जी किंवा दोन पी प्रकार दिसल्यास तो मिश्र संसर्ग म्हणून वेगळ्या रकान्यात लिहावा. पुन्हा तपासणी करताना विषाणूचे आरएनए खंड आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या थरावर ११ पेक्षा जास्त पट्टे आले, तर त्या शंकेला पुष्टी मिळते.