दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये होम थिएटर: आधी खोली, मग आवाज, टीव्ही शेवटी

होम थिएटर करायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा टीव्ही किती इंची घ्यायचा यावरच होते, बजेटचा मोठा हिस्सा तिथेच जातो आणि उरलेल्या पैशात मिळेल तो साउंडबार येतो. माझं म्हणणं सरळ आहे, क्रम उलटा करा. आधी खोली, मग बसायची जागा, मग वायरिंग, मग आवाज, आणि टीव्ही सगळ्यात शेवटी. आजकाल मध्यम किमतीच्या टीव्हीचं चित्रसुद्धा छान असतं, पण घरोघरी तक्रार एकच, संवाद कळत नाहीत, आणि आवाज वाढवावा तर गाणं लागल्यावर कानठळ्या बसतात. ही तक्रार आणखी दहा इंच मोठा टीव्ही आणून जात नाही. पुढचं सगळं मी पुण्या-मुंबईकडचा नेहमीचा टूबीएचके धरून लिहितोय, म्हणजे साधारण १० बाय १६ फुटांचा हॉल, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला किचनकडे जाणारा पॅसेज. वेगळी खोली देता येत असेल तर फारच छान, पण मुद्दे तेच लागू.

टेप घ्या, हॉल मोजा, टाळी वाजवा

कागदावर हॉलचा साधा नकाशा काढा. दारं, खिडक्या, पंखा, एसी, सॉकेट, सोफा सगळं त्यावर आलं पाहिजे. मग हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागोमाग झर्रकन पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला तर समजायचं की समोरासमोरच्या रिकाम्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. आपल्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत भिंती, काचेचं दार आणि वर पीओपी, त्यामुळे हॉल घुमतोच, आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये महागडे स्पीकरसुद्धा वाया जातात. पहिला खर्च म्हणून टीव्ही आणि सोफ्याच्या मधल्या टाइलवर जाड गालिचा टाका (दोन सतरंज्या एकावर एक घातल्या तरी बराच फरक पडतो), काचेच्या दाराला जमिनीपर्यंत येणारा जाड पडदा लावा आणि सोफ्यामागच्या रिकाम्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट करा. मग पुन्हा टाळी वाजवून बघा. फरक लगेच कळेल, आणि ही सुधारणा कुठल्याही स्पीकरपेक्षा स्वस्त पडते.

आता बसायची जागा. आपण सोफा भिंतीला चिकटवून ठेवतो कारण जागा वाचते, पण भिंतीपाशी बास (खालचे, जाड सूर) फुगतो आणि आवाज गढूळ लागतो. फूट-दीड फूट जरी पुढे ओढता आला तर ओढा. नसेल जमत तर निदान डोक्यामागे काहीतरी मऊ असू दे, जाड कापडी पॅनेल किंवा गोधडीसारखं काहीही चालेल.

बसायची जागा ठरली की टीव्हीचा आकार आपोआप निघतो, दुकानातल्या माणसाला विचारायची गरजच नाही. डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर इंचात मोजा आणि त्याला १.६ ने भागा, हा सिनेमासाठी निदान एवढा हवा असा आकार. १.२ ने भागलं तर थिएटरमध्ये बऱ्यापैकी पुढे बसल्याचा आकार मिळतो. म्हणजे साडेसात फुटांवरून ५५ इंची ठीक, साडेआठ-नऊ फुटांवरून ६५ इंची. उंची मात्र सांभाळा. बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, टीव्हीचा मध्य त्याच्या जवळपास हवा. भिंतीवर पाच फुटांवर टांगलेला टीव्ही दिसायला ऐटबाज असतो पण अडीच तासांच्या सिनेमात मान दुखते.

वायरिंग, म्हणजे जे एकदाच होतं

रंगकाम किंवा रिनोव्हेशन होणार असेल तर हीच वेळ, नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही. इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते असं: टीव्हीमागे निदान पाच-सहा सॉकेट आणि एक लॅन पॉइंट, सराउंड म्हणजे बाजूला-मागे लागणाऱ्या स्पीकरच्या दोन्ही जागांपर्यंत पाइप, आणि टीव्हीपासून खालच्या युनिटपर्यंत वेगळा मोठा पाइप. हा मोठा पाइप नेहमीचा एक इंची नको, दीड इंची घ्या, कारण एचडीएमआयचं टोक एक इंचीतून नीट जात नाही, आणि वळणावर काटकोनी एल्बो न लावता मोठ्या गोलाईचा बेंड लावायला सांगा. प्रत्येक पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी ओढून ठेवा, पुढे वायर बदलायची झाली की ती दोरीच कामाला येते. आणि पाइपसाठी खोदलेल्या झिऱ्या बुजवायच्या आधी भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढून ठेवा, दोन वर्षांनी फ्रेम टांगायला ड्रिल मारताना त्या फोटोची किंमत कळते.

स्पीकरची वायर शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्तातली बरीचशी वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, टोक चाकूने खरवडलं की आतली पांढरी तार दिसते. समोरच्या स्पीकरना १६ गेज पुरते, मागे लांबवर जाणाऱ्यांना १४ घ्या (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तापकीर गल्ली, दोन्हीकडे ही वायर मीटरवर मिळते, तयार पाकिटांपेक्षा बरीच स्वस्त. एचडीएमआय पाच मीटरपेक्षा लांब टाकायची असेल तर साध्या तांब्याच्या केबलवर फोरके अडखळू शकतं, तिथे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते, एक टोक सोर्सकडे आणि दुसरं डिस्प्लेकडे, भिंतीत ओढायच्या आधी वाचून घ्या.

अर्थिंग तपासून घ्या, हे जुन्या बिल्डिंगवाल्यांना खास सांगतोय. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजला आणि तो दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी ते दुरुस्त करून घ्या. स्पीकरमधून सतत हुंऽऽ असा आवाज येण्यामागे बऱ्याचदा अर्थिंगचीच भानगड असते. कधीकधी डिशची किंवा केबलची वायर त्याला कारण असते, ती काढून बघितली आणि हुंकार थांबला तर चोर सापडला.

स्पीकर: पैसे इथे घाला

५.१ म्हणजे समोर डावा-उजवा, मध्ये सेंटर, बाजूला-मागे दोन सराउंड आणि एक सबवूफर (सब, म्हणजे फक्त बाससाठीचा स्पीकर). आपल्या हॉलला हे पुरून उरतं. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, सिनेमात २०१२ साली आलं, आता घरोघरी पोचलंय, आणि ५.१.२ म्हणजे त्यात वरचे दोन स्पीकर जास्तीचे. छतात स्पीकर बसवता येत असतील तर जरूर करा, पण ५.१ नीट लागण्याआधी त्याच्या मागे लागू नका.

खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, जो हजारोंचा आकडा असतो तो वाचूसुद्धा नका. आरएमएस वॅट (सतत मिळणारी ताकद) बघा, आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठ्याने वाजतो, ते बघा. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे ९० डेसिबलवाला स्पीकर ५० वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८७वाल्याला १०० वॅट लागतात. बॉक्समधला तयार सेट घ्यायचा की रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि वेगळे स्पीकर, यावर माझं मत पक्कं आहे: रिसीव्हर घ्या आणि हळूहळू वाढवा. पहिल्या वर्षी समोरचे दोन आणि सेंटर, मग सब, मग सराउंड. साउंडबार फक्त तेव्हाच घ्या जेव्हा भाड्याच्या घरात वायर ओढायची सोयच नाही, आणि तेव्हाही वेगळा सेंटर चॅनल असलेला, निदान ३.१.

सेंटर स्पीकरवर जरा थांबूया, कारण संवादांची सगळी भिस्त त्याच्यावर असते. जुने कृष्णधवल मराठी सिनेमे मोनो आवाजाचे, रिसीव्हरवर सराउंड मोडमध्ये लावले की त्यांचा जवळजवळ सगळा आवाज या एकट्याच्याच गळ्यातून येतो. आणि आपण त्याला कुठे ठेवतो, तर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलून, वर सेटटॉप बॉक्स आणि बाजूला शोपीस. कप्पा आवाज घुमवतो, खालची फळी आवाज परतवते, आणि स्पीकरचं तोंड प्रेक्षकांच्या गुडघ्याकडे असतं. तो पुढे ओढा, इतका की त्याची जाळी फळीच्या कडेला लागून किंवा अर्धा इंच बाहेर आली पाहिजे. मग पुढच्या कडेखाली रबरी डोअर स्टॉपर सरकवून तोंड थोडं वर करा. किती वर, तर सोफ्यावर बसलेल्याच्या कानाजवळ मोबाइलचा टॉर्च धरा आणि खाली वाकून स्पीकरच्या वरच्या कडेवरून बघा, टॉर्च सरळ रेषेत दिसला की झालं. कप्प्याच्या उरलेल्या जागेत एखादा जुना टॉवेल घडी करून ठेवा, फक्त स्पीकरच्या मागचं भोक बुजवू नका. बातम्या लावून ऐका, निवेदकाचा आवाज मोकळा झालेला कळेल.

समोरचे दोन स्पीकर त्यांचा ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा गोल) कानाच्या उंचीवर येईल असे ठेवा. सोफा आठ फुटांवर असेल तर दोघांत साडेसहा ते आठ फुटांचं अंतर, तोंडं किंचित आत वळवलेली. सराउंड सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, जरासे मागे आणि कानापेक्षा दीड-दोन फूट वर. सोफा भिंतीलाच असेल तर डाव्या-उजव्या भिंतींवर लावा, अगदी डोक्यामागे शेजारी-शेजारी लावू नका.

जोडताना लाल-काळं नीट बघा. एका स्पीकरची टोकं उलटी लागली तर बास गायब होतो आणि आवाज कुठून येतोय कळत नाही. भिंतीतून आलेल्या वायरचं कुठलं टोक कुठलं हे ओळखायला साधी युक्ती आहे: वायर रिसीव्हरला न जोडता, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल टोकांना क्षणभर टेकवा, स्पीकरमधून टक् होईल. त्या वेळी कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर सरकला तर सेलचा प्लस ज्या तारेला लागलाय तीच प्लस.

सबवूफर कोपऱ्यात टाकून मोकळं होऊ नका. १६ फूट लांबीच्या खोलीत ३५ हर्ट्झच्या आसपास आणि १० फूट रुंदीत ५६ च्या आसपास आवाज घुमतो, म्हणून काही जागी बास धडाधड आणि दोन फुटांवर काहीच नाही असं होतं. यावर उपाय असा की सब उचलून चक्क सोफ्यावर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, बास गिटार असलेलं गाणं लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती सबची जागा.

टीव्ही की प्रोजेक्टर

दिवसा उजेडात क्रिकेट आणि मालिका बघायच्या असतील तर टीव्ही, विषय संपला. प्रोजेक्टर अंधारासाठी आहे, पांढऱ्या भिंतींच्या हॉलमध्ये स्क्रीनचाच उजेड भिंतीवरून परत येऊन काळा रंग राखाडी करतो. तरी घ्यायचाच असेल तर अंतर मोजा: १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो, प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर तो जवळजवळ अकरा फूट मागे लागतो. आणि आपल्या हॉलच्या बरोबर मध्ये सीलिंग फॅन असतो! झोत पंख्याच्या पात्यांतून गेला तर चित्र फडफडतं. म्हणून एकतर प्रोजेक्टर पंख्याच्या पुढे येईल असा शॉर्ट थ्रो घ्या नाहीतर झोत पंख्याच्या खालून जाईल एवढा खाली स्टँडवर ठेवा.

सेटिंग

टीव्हीवर ईएआरसी (eARC) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधूनच रिसीव्हरला केबल द्या, टीव्हीचा आवाज तिथून रिसीव्हरकडे जातो. नुसत्या एआरसीतूनही (त्याचीच जुनी आवृत्ती) ओटीटीवरचं ५.१ आणि ॲटमॉस येऊ शकतं, ब्लू-रेचा न दाबलेला आवाज टीव्हीमार्गे न्यायला मात्र ईएआरसी हवं. नुसत्या आवाजाच्या ऑप्टिकल वायरमधून (ऑप्टिकल एचडीएमआय वेगळी) ॲटमॉस येत नाही. टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये पीसीएम असेल तर ते बदलून पास थ्रू करा, म्हणजे टीव्ही आवाज न बदलता पुढे पाठवतो, हे राहून गेल्याने कित्येक घरांत पाच स्पीकर असून नुसता स्टिरिओ वाजतो. चित्रासाठी फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा आणि मोशन स्मूदनिंग बंद करा, सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, तो मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला नको.

रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो, तो कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर लावा (सोफ्याच्या उशीवर नको), पंखा-एसी बंद, घरच्यांना थोडा वेळ आतल्या खोलीत बसायला सांगा आणि कॅलिब्रेशन चालवा, त्यात रिसीव्हर आवाज खोलीप्रमाणे जुळवून घेतो. झाल्यावर सगळे स्पीकर स्मॉल आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ आहे ना ते बघा, म्हणजे त्याखालचा बास सबकडे जातो. तरीही संवाद दबलेले वाटले तर सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवा.

शेजाऱ्यांचा विचार करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि बास तर स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो. सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड घाला आणि रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा, त्यात मोठे आवाज दबतात आणि संवाद वर येतात.

कोकण-मुंबईकडच्यांनी पावसाळ्यात सिस्टीम आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालवावी, दमटपणा कमी राहतो, आणि स्पीकर घेतानाच कोनभोवतीची कड रबराची बघून घ्यावी, फोमची कड आपल्या हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर डिशची वायरही काढा. आणि दिवाळीच्या साफसफाईत सोफा हलला, पडदे बदलले, तर तो माइक बाहेर काढून कॅलिब्रेशन पुन्हा एकदा चालवून घ्या.