झेंडा आधी ठरवा, मग किट घ्या: छोट्या मॉडेलवर झेंडा लावताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत आमच्या अंगणात दिवाळीचा किल्ला व्हायचा. मातीचे मावळे, अळिवाची हिरवळ, आणि सगळं झालं की बुरुजावर काडीला चिकटवलेला भगवा. झेंडा लागला की किल्ला पुरा. प्लास्टिकच्या स्केल मॉडेलमध्ये, म्हणजे सुट्या भागांचं किट जोडून केलेल्या खऱ्या जहाजाच्या किंवा गाडीच्या लहान प्रतिकृतीत मात्र झेंडा शेवटासाठी ठेवला की हमखास घोळ होतो. इंदूरमधल्या ओळखीच्या मंडळींची बिघडलेली मॉडेलं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट एकच असते: किट आधी घेतलं, झेंड्याचा विचार नंतर केला.

झेंड्यावरून साल कळतं. परवा एकाने १९७१ च्या युद्धातल्या विक्रांत या विमानवाहू नौकेचं मॉडेल हौसेने आणलं आणि मागच्या काठीवर निळ्या अष्टकोनाचं नौदल निशाण लावलं. ते निशाण २ सप्टेंबर २०२२ रोजी, नवी विक्रांत नौदलात दाखल झाली तेव्हा आलं. जुनी विक्रांत १९६१ ते १९९७ सेवेत होती. त्या सगळ्या काळात पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा, हेच निशाण होतं. २००१ मध्ये क्रॉस काढला, २००४ मध्ये तो परत आला, पण मधोमध सिंहमुद्रा घेऊन. म्हणजे भारतीय जहाज करायचं तर आधी साल ठरवा. ते न ठरवता मागवलेलं डेकल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) बहुतेक वेळा वाया जातं.

दुसरी चूक मापाची. ध्वजसंहितेत तिरंग्याची मापं ठरलेली आहेत. त्यातला ९०० × ६०० मिलिमीटरचा झेंडा १:३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तीसपट लहान जीपशेजारी साधारण २५.७ × १७ मिलिमीटर होतो आणि १:७२ ला अवघा १२.५ × ८.३. अशोकचक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो, तो १:७२ ला अडीच मिलिमीटरच्या जरा वर जातो. तेवढ्यात २४ आरे ब्रशने काढायचा हट्ट धरू नका, प्रिंटच काढा. आणि खजुरी बाजारातल्या प्रिंटवाल्याला ‘फिट टू पेज नको, शंभर टक्क्यांवर काढा’ असं बजावून सांगा. शंकाच नको म्हणून मी कागदाच्या कडेला ५० मिलिमीटरची रेघ छापून घेतो आणि दुकानातच पट्टी लावून बघतो.

सगळ्यात जास्त मॉडेलं बिघडतात ती झेंड्याच्या दोन बाजूंमुळे. कागदी झेंडा काठीभोवती दुमडून चिकटवतात, म्हणून दोन्ही बाजू शेजारीशेजारी छापायच्या असतात. तिथे एकच चित्र दोनदा छापलं, तर दुमडल्यावर एका बाजूचा कोपऱ्यातला तिरंगा काठी सोडून फडकत्या टोकाला जातो. दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटी हवी. तिरंग्याला आणि साध्या भगव्याला हे लागत नाही, नौदल निशाणाला लागतंच. चिकटवण्यापूर्वी कोरडाच कागद दुमडून उजेडात धरा: दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली तर बरोबर.

नेहमीचा झेरॉक्सचा कागद जाड पडतो, पातळ कागद शोधा. इंकजेटची शाई ओल्या गोंदात पसरते, म्हणून लेझर प्रिंट घ्या. गोंद म्हणून पाणी घातलेलं फेविकॉल. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कागद कडक होतो, डाग पडतो आणि त्याच्या वाफेने शेजारच्या काचेच्या भागावर पांढुरकी झाक येते. फेविकॉल ओलं असतानाच झेंडा ब्रशच्या दांडीवर तिरका गुंडाळून सोडा. घड्या काठीच्या वरच्या टोकापासून तिरप्या खाली उतरल्या की कापडाला वजन असल्यासारखं वाटतं. सरळ उभ्या घड्या पाडल्या तर पत्र्याची पन्हळ दिसते. वाळल्यावर कागदाची पांढरी कड त्या-त्या रंगाने रंगवा, हे काम दोन मिनिटांचं आहे आणि त्याने फार फरक पडतो.

वारा एकच असतो, हेही ध्यानात ठेवा. धूर मागे जातोय आणि झेंडा पुढे, असं दिसायला नको.

आता खरेदीचं. बाहेरून किट मागवताना किमतीत सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च धरा. स्प्रे कॅन आणि थिनर ज्वलनशील, ते सहसा विमानाने येत नाहीत, म्हणून इथेच घ्या. १:७२ आणि १:७६ जवळचे वाटतात, पण शेजारी उभे केले की माणसं लहानमोठी दिसतात. खोकं आल्याबरोबर सुटे भाग जोडलेल्या सगळ्या चौकटी सूचनापत्रिकेशी ताडून बघा. परत करायची मुदत गेल्यावर हरवलेलं चाक कोणी देत नाही. जुनं किट घेतलं आणि डेकल पिवळं निघालं, तर ते खिडकीच्या काचेला आतून उन्हाच्या बाजूला तोंड करून चिकटवा, काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. पावसाळ्यात दमट दिवशी मॅट वॉर्निश मारू नका. ऑगस्टमध्ये माझा एक अख्खा रणगाडा त्याने पांढरट झाला होता. मे महिन्यातल्या दुपारीही स्प्रे नको, रंग पोचायच्या आत वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. सकाळी सातच्या सुमारास मारा.

झेंडा उलटा चिकटून बसलाच असेल तर ओढू नका. फेविकॉल असेल, तर कोमट पाण्यात बुडवलेला ब्रश जोडावर टेकवत राहा, पाचदहा मिनिटांत तो सुटतो. झटपट गोंद असेल, तर काठीच कापा आणि त्या जागी बारीक पितळी तार बसवा. प्लास्टिकच्या काठीपेक्षा ती सरळ आणि बारीक दिसते.